मॅनहॅटनमधील स्टेकहाउस: बिल कुठे फुगते आणि पैसे कुठे वसूल होतात

न्यू जर्सीतील एडिसनला नातेवाइकांकडे उतरून न्यूयॉर्कचे मॅनहॅटन पाहायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या एखाद्या जुन्या स्टेकहाउसमध्ये, म्हणजे स्टेक (गोमांसाचा जाड भाजलेला तुकडा) हा मुख्य पदार्थ असलेल्या हॉटेलात, एकदा तरी जेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र टाइम्स स्क्वेअरच्या झगमगाटात जे दार समोर येईल त्यातून आत शिरू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पहिल्या संध्याकाळी अशाच एका ठिकाणी आम्हाला ज्या रीतीने बिल लावण्यात आले त्याचा संताप अजून ओसरलेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ‘कीन्स’ या जुन्या स्टेकहाउसमध्ये जे जेवण मिळाले त्याचा आनंदही.

आधी त्या बिलाविषयी, कारण पुढे जाणाऱ्यांना खरा उपयोग त्याचाच आहे. बसताक्षणी वेटरने पाणी साधे हवे की सोडायुक्त, एवढेच विचारले. या दोन्हींचा अर्थ विकतची बाटली असा होतो आणि ग्लास रिकामा होताच न विचारता पुढची बाटली उघडली जाते. ‘टॅप वॉटर’ असे स्वच्छ शब्दांत मागावे, ते फुकट मिळते. त्यानंतर ‘आजचे खास’ पदार्थ तोंडी सांगण्यात आले, किमतीविना. मेन्यूत न छापलेल्या प्रत्येक पदार्थाची किंमत मागवण्यापूर्वीच विचारावी, त्यात संकोच कसला? बटाटे, पालक, मश्रूम यांपैकी काहीही स्टेकसोबत येत नाही, प्रत्येकाचे पैसे वेगळे. हे सर्व एक वेळ सोडून देता येईल, पण शेवटी जे घडले ते निव्वळ लुबाडणूक होती. बिलाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, २० टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेले होते आणि तरीही समोर धरलेल्या यंत्रावर १८, २० आणि २५ टक्के टिपेचे पर्याय झळकत होते. वेटर बाजूला उभा राहून बोट कुठे पडते ते पाहत होता. बिल परत पाठवून जाब विचारल्यावर न मागितलेल्या पाण्याचे पैसे वगळण्यात आले आणि ‘टिप देणे ऐच्छिक आहे’ असे उत्तर मिळाले.

हिशेब असा करावा. न्यूयॉर्क शहरात जेवणावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो. २०० डॉलरच्या जेवणावर तो १७ डॉलर ७५ सेंट होतो. टिप कर धरण्यापूर्वीच्या रकमेवर काढायची, म्हणजे २० टक्क्यांनी ४० डॉलर. एकूण २५७ डॉलर ७५ सेंट. तोंडी हिशेब हवा असेल तर बिलावरचा कर दुप्पट करावा, जवळपास १८ टक्के होतात. यंत्रावरचे पर्याय पुष्कळदा करासकट रकमेवर मोजलेले असतात, म्हणून आकडा स्वतः टाकावा.

आता कीन्स. १८८५ पासून चालू असलेले हे ठिकाण हेरल्ड स्क्वेअरजवळ, पश्चिम ३६व्या रस्त्यावर आहे. न्यू जर्सीहून येणारी गाडी पेन स्टेशनला सोडते, तिथून ते चालत गाठता येते. मोटार आणूच नये, कारण जानेवारी २०२५ पासून ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरण्याचे ९ डॉलर गर्दीच्या वेळी पडतात आणि पार्किंगचा भुर्दंड वेगळा. छताला मातीचे लांब दांड्यांचे हजारो चिलीम-पाइप ओळीने टांगलेले आहेत. जुने गिऱ्हाईक आपला पाइप इथेच ठेवून जात असे. १९०५ पर्यंत इथे स्त्रियांना प्रवेश नव्हता, तो लिली लँग्ट्री या अभिनेत्रीने कोर्टात खटला जिंकून मिळवला आणि आत येऊन मटण चॉप, म्हणजे हाडासकट भाजलेला जाड तुकडा, मागवला.

गोमांस न खाणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा मटण चॉप म्हणजे या शहरातील सर्वोत्तम सोय आहे, आणि मी हे अतिशयोक्ती न करता लिहितो आहे. नाव मटणाचे असले तरी मांस आता कोवळ्या मेंढीचे असते. ताटलीत हाडाच्या दोन बाजूंना मांसाचे दोन जाड भाग येतात, कडेची चरबी भाजून तांबूस आणि कुरकुरीत झालेली, आतला भाग गुलाबी व रसाळ. एक चॉप दोघांना सहज पुरतो, त्यामुळे माणशी खर्च आदल्या रात्रीच्या निम्म्यावर आला. ‘मीडियम’, म्हणजे मध्यम भाजलेला, सांगावे. आपल्याकडे मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवण्याची रीत असल्याने ‘वेल डन’ (पूर्ण भाजलेला) म्हणण्याचा मोह होतो, पण ती रीत मोठ्या आचेवर भाजलेल्या मांसाला लागू पडत नाही. ते कोरडे आणि चिवट होते. गोमांस खाणाऱ्यांनी दोघांत एक पोर्टरहाउस, म्हणजे हाडासकटचा मोठा स्टेक, घ्यावा. ते मांस थंड खोलीत आठवडेच्या आठवडे सुकवून मुरवलेले असते, पाणी उडते, बाहेरचा कडक थर कापून टाकावा लागतो, आणि महागाईचे कारण त्यात आहे.

शनिवारची रात्र टाळून आठवड्यातल्या दिवशी दुपारी जावे, जागा आधी नोंदवून ठेवावी. खर्च आणखी आवरायचा असेल तर कीन्सच्याच पब रूममध्ये बसावे, तिथला मेन्यू वेगळा आणि हलका आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात होणाऱ्या ‘रेस्टॉरंट वीक’ या ठरावीक किमतीत जेवण देणाऱ्या उपक्रमामध्ये काही स्टेकहाउसेसही भाग घेतात. १९९२ साली हा उपक्रम सुरू झाला तेव्हा दुपारच्या जेवणाची किंमत सालावरून १९ डॉलर ९२ सेंट ठेवली होती. अलीकडे ३०, ४५ आणि ६० डॉलर असे टप्पे असतात. त्यात ठरावीक आकाराचा तुकडाच मिळतो आणि मोठ्या तुकड्याला जादा पैसे पडतात, तेव्हा त्या खास मेन्यूतील प्रत्येक ओळ वाचावी.

लिबर्टीचा पुतळा, सेंट्रल पार्क वगैरे उत्तम झाले, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. चॉप उरलाच तर हाडासकट बांधून मागा. कोणी नाक मुरडत नाही, आणि एडिसनला परतल्यावर त्या हाडांचा आळणी रस्सा फार छान होतो.