व्हिस्कीत कार्ब्ज नसतात, मग चालेल ना?

कमी कार्ब्ज, म्हणजे पिष्टमय आणि गोड कमी खाणाऱ्याला दारू चालते का, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हा प्रश्न चारचौघांत कुणी विचारत नाही. कर्वेनगरच्या माझ्या क्लिनिकमध्ये पोळी, भात, ताक, दाणे यांवर सविस्तर बोलणं होतं, फाइल पिशवीत जाते, आणि दाराशी पोचल्यावर गृहस्थ वळतात. "मॅडम, एक राहिलंच. व्हिस्कीत कार्ब्ज नसतात म्हणे. मग आपल्याला चालेल ना?" शेजारी उभ्या बायकोचा चेहरा सांगतो, की यावर घरी बरंच बोलून झालंय. हल्ली बायकाही विचारतात. त्या व्हिस्कीच्या जागी वाइन म्हणतात, आणि समोर न विचारता रात्री मेसेज करतात.

मी आहारतज्ज्ञ आहे, स्वतः बरीच वर्षं कमी कार्ब्जचं जेवते, आणि थंडीत कधीतरी जेवणाबरोबर एक ग्लास ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन घेते. तेव्हा हे नाक मुरडून लिहिलेलं नाही. पण प्रश्न ज्या तऱ्हेने विचारला जातो त्याची मला काळजी वाटते. सगळं लक्ष कार्ब्जवर असतं आणि दारूकडे कुणाचंच नसतं.

कार्ब्जचं आधी उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. व्हिस्की, रम, व्होडका, जिन, ब्रँडी, फेणी या सगळ्या वाफ करून गाळलेल्या. साखर वाफेबरोबर वर जात नाही, त्यामुळे रम उसाच्या मळीपासून केलेली असली तरी तिच्यात कार्ब्ज शून्य. ड्राय वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात ३-४ ग्रॅम. गोव्याहून हौसेने आणलेली पोर्ट गोड असते, तिच्यात याच्या कितीतरी पट. बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत २० ते २५ ग्रॅम, म्हणजे एक चांगली मोठी पोळी. ताज्या क्राफ्ट बिअरची पुण्याला गोडी लागली आहे, पण गव्हाची ती गढूळ, दाट बिअर या बाबतीत नेहमीच्या बिअरपेक्षा सोयीची नाही. आणि ग्लासात वरून काय पडतं तेही बघा. कोलाच्या १०० मिलीमध्ये जवळजवळ ११ ग्रॅम साखर असते. टॉनिक वॉटर कडवट लागतं म्हणून लोक निर्धास्त असतात, त्यातही १०० मिलीला ८-९ ग्रॅम असते. साधं पाणी, सोडा, बर्फ, लिंबू एवढंच ठेवा.

म्हणजे व्हिस्कीबद्दल ऐकलंय ते खरं आहे. पण अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून ७ कॅलरी मिळतात. साखरेच्या ग्रॅमला ४ आणि तुपाच्या ग्रॅमला ९. तूपसाखरेच्या मधली ही गोष्ट कार्ब्जच्या रकान्यात कुठे दिसतच नाही, म्हणून ती मोजायची राहते.

आता मापाचं बोलू. माझ्या टेबलावर एक काचेचा ग्लास, पाण्याचा तांब्या आणि ३० व ६० मिलीचं दुतोंडी स्टीलचं माप असतं. प्रश्न आला की मी म्हणते, "घरी ओतता तसा एक पेग ओता बरं." गृहस्थ ग्लास डोळ्यांसमोर धरतात, दोन बोटं आडवी लावतात, पाणी ओततात, आणि बहुतेक वेळा शेवटी थोडी धार अजून सोडतात. मग ते पाणी आम्ही मापात ओततो. ६० चं तोंड काठोकाठ भरतं, ओघळतं, आणि ग्लासात पाणी अजून शिल्लक असतं. हे करून दाखवल्यावर मला फारसं समजवावं लागत नाही.

आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने ३० मिलीच्या स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ६० च्या लार्जमध्ये २० ग्रॅम, म्हणजे नुसत्या अल्कोहोलच्याच १४० कॅलरी. अमेरिकेत 'एक ड्रिंक' म्हणतात तेव्हा ते १४ ग्रॅम धरतात, म्हणजे आपल्या व्हिस्कीचे जेमतेम ४१ मिली. कीटोवरचा, म्हणजे अगदी कमी कार्ब्जच्या आहारावरचा, जवळपास सगळा मजकूर तिकडचा. 'पुरुषांना दिवसाला दोनपर्यंत' असं तिथे वाचून आपला माणूस दोन लार्ज भरतो आणि मी प्रमाणात घेतो असं मनापासून मानतो. तिकडचे दोन म्हणजे २८ ग्रॅम, याचे ४०. आणि "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा आकडा वाचावा. स्ट्राँग बिअर ७ टक्क्यांची असेल तर ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ३६ ग्रॅम अल्कोहोल असतं. ते साडेतीन स्मॉल झाले, वर पोळीभर कार्ब्ज.

यकृतात काय होतं ते मी जरा सविस्तर सांगते, कारण कमी कार्ब्ज घेणाऱ्याची गोष्ट इथेच इतरांपेक्षा वेगळी होते. शरीराला चरबी साठवता येते, थोडी साखरही साठवता येते, अल्कोहोल साठवता येत नाही. म्हणून ते आलं की यकृत आधी त्याच्या मागे लागतं. त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट होतं, आणि ते अ‍ॅसिटेट संपेपर्यंत चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. तासाला सात ते दहा ग्रॅम हा साधारण वेग. तीन स्मॉल घेतले तर तीन-चार तास त्यातच जातात. वजन आठवडाभर उतरून शनिवार-रविवारनंतर अडून बसतं, त्याचं एक कारण हे आहे.

वजनापेक्षा साखरेची मला जास्त चिंता असते. पोळी-भात कमी केल्यावर यकृतातला साखरेचा साठा कमी असतो. रात्री झोपेत रक्तातली साखर टिकवायला यकृत प्रथिनांपासून आणि इतर गोष्टींपासून नवी साखर बनवत असतं. अल्कोहोल नेमकं हेच काम अडवतं. ज्याला मधुमेह नाही आणि जो जेवून माफक घेतो त्याचं बहुधा निभावतं. पण जो इन्सुलिन घेतो, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेतो, त्याची साखर मध्यरात्री धोकादायक खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, बोलणं अडखळणं, गोंधळल्यासारखं होणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. मुळशीच्या फार्महाउसवर रात्री एक वाजता कुणाला असं झालं तर मित्र काय म्हणतील? "याला चढली, झोपू द्या." कृपा करून झोपू देऊ नका. मधुमेहाची औषधं घेणारा माणूस आहे हे माहीत असेल तर साखर तपासा. ग्लुकोमीटर नसेल आणि त्याला नीट गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा. असा माणूस तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

मधुमेहाचीच दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. हृदयासाठीही ती हल्ली बरीच दिली जाते. या गोळीवर असताना कार्ब्ज फार कमी आणि वर दारू, असं झालं तर चरबी जळताना होणारे कीटोन वाढून रक्ताची आम्लता वाढू शकते. गंमत नाही हो ही, त्यात मीटरवरची साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही, आणि नुसती मळमळ होतेय असं समजून माणूस घरीच पडून राहतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर असताना भरपूर दारू हेही वाईटच. म्हणून मी विचारणाऱ्याला आधी गोळ्यांची पाकिटं आणायला सांगते आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हो म्हणत नाही. बीपीची गोळी असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. कार्ब्ज कमी केले की शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जातं, दारूनेही लघवी जास्त होते. रात्री उठताना भोवळ येऊन पडणारे असतात ते यामुळे. आणि कमी कार्ब्जवर पूर्वीइतकंच घेऊनही लवकर चढते, हा तर बहुतेकांचा अनुभव.

कित्येक जण माझ्याकडे येतात तेच सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं म्हणून. त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. ज्या यकृतावरचा भार उतरवायला तुम्ही पोळी सोडलीत, त्याच यकृताला हे काम पुन्हा द्यायचं नाही. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेली असतील तरी नाही.

आता चकणा. पुण्याचं मला माहीत आहे, कारण लोक मला ताटातलं सगळं प्रामाणिकपणे लिहून देतात आणि चकणा विसरतात. दोन पेग होईपर्यंत जिभेवरचा ताबा सुटतो हे कुणी नाकारणार नाही. परमिट रूममध्ये आधी मसाला पापड येतो, मग फिंगर चिप्स, मग चिकन चिली किंवा पनीर चिली, ज्यांच्यावर कॉर्नफ्लोअरचा लेप असतो. घरी बसलात तर पातळ पोह्यांचा चिवडा आणि बाकरवडी. अकराच्या पुढे कुणीतरी बिर्याणी मागवतं. सकाळी उठल्यावर अंगात त्राण नसतं, काहीतरी झणझणीत हवंसं वाटतं आणि गाडी मिसळीकडे वळते. मिसळीबरोबर पाव आणि फरसाण आलंच. हे सगळं व्हिस्कीच्या शून्य कार्ब्जमुळे घडलं, पण व्हिस्कीच्या नावावर कुणीच लिहीत नाही.

मिळण्यासारखं चांगलंही पुष्कळ असतं. उकडलेली अंडी मीठ-मिरी लावून, पावाशिवाय भुर्जी, तंदुरी चिकन, पनीर टिक्का, काकडी-टोमॅटोच्या चकत्या. सुरमई मागवाल तर रव्याशिवाय तव्यावर भाजून द्या म्हणा, देतात. खारे दाणे मूठभर ठीक, वाटीमागून वाटी नको, कारण कार्ब्ज कमी असले तरी १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. आणि माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला म्हणजे आधी नीट जेवा, जेवणाबरोबर घ्या. 'बसायचं' म्हणून नऊला सुरुवात आणि बाराला जेवण, ही पद्धत कमी कार्ब्ज घेणाऱ्याला सर्वांत बाधते.

जाता जाता एक, मला आवडतं म्हणून. कमी कार्ब्जचा आहार लोकप्रिय करणारा पहिला गाजलेला माणूस लंडनचा विल्यम बँटिंग. अंत्यविधींची व्यवस्था पाहणं हा त्याचा व्यवसाय. १८६३ मध्ये त्याने आपला अनुभव छापला. त्याच्या डॉक्टरांनी पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद केली होती, पण जेवणाबरोबर क्लॅरेट किंवा शेरी या वाइनचे दोन-तीन ग्लास चालतील म्हटलं होतं. शॅम्पेन आणि पोर्टला मात्र मनाई. म्हणजे हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. फरक इतकाच की तेव्हा अल्कोहोल आणि कर्करोगाचं नातं कुणाला माहीत नव्हतं. आज ते पक्कं माहीत आहे, स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या प्रमाणानेही वाढतो. त्यात स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्याने तेवढ्याच वाइनने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. आई-बहिणीला हा आजार झालेला असेल तर मी मैत्रिणीलासुद्धा नको म्हणते. गरोदरपणात तर थेंबही नको.

श्रावणात बंद ठेवणारे पुण्यात पुष्कळ आहेत. गटारीला कसर भरून काढतात ते सोडा, पण पुढचा महिना खरंच पाळतात. मी त्यांना सांगते, त्या महिन्यातली सकाळची साखर, वजन, पोटाचा घेर आणि झोप लिहून ठेवा. दारू घेतली की झोप लवकर लागते आणि पहाटे मोडते, हा फरक ज्याचा त्याला तेव्हा कळतो. अट एकच, उपवासाला साबुदाण्याची खिचडी नको, नाहीतर आकड्यांचा काही अर्थ लागत नाही.

मग किती घ्यावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की पूर्णपणे सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. म्हणून जो घेत नाही त्याने 'कार्ब्ज नाहीत' एवढ्यावर सुरू करायचं कारण नाही. जो घेतो, ज्याला वर सांगितलेले आजार नाहीत आणि त्या गोळ्या नाहीत, त्याला मी सांगते: आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, पुरुषाने मापाने मोजलेले दोन स्मॉल, स्त्रीने एक स्मॉल किंवा १५० मिली ड्राय वाइन. न घेतलेले पुढच्या शनिवारी जोडून घ्यायचे नाहीत.

आणि कुणी मला सांगतं की मॅडम, दोनवर थांबायचं ठरवतो आणि थांबता येत नाही, तेव्हा मी आहाराचा कागद बाजूला ठेवते. तो आहाराचा विषय राहत नाही. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने उभं राहिलेलं. तिथे जा, एकटं जायला संकोच वाटत असेल तर घरच्यांना घेऊन जा. कार्ब्जचं आपण नंतर बघू.