तिसरा हिवाळा: पंधरा किलोमीटर आणि चार बोटं

मंडळी, गेल्या मार्चमध्ये मी वही मिटली तेव्हा शेवटची नोंद होती: क्लासिक (म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून जायची जुनी पद्धत), १५ किलोमीटर, १ तास ५२ मिनिटं, दोनदा पडले. यंदाचं लक्ष्य ९५ मिनिटं. हसू नका, पुण्यात जन्म काढलेल्या बाईने चाळिशीनंतर फिनलंडमधल्या टाम्पेरेत येऊन पायाला स्की बांधल्या आहेत, एवढं लक्षात असू द्या.

दर हिवाळ्याला एक फिनिश स्कीपटू घ्यायचा आणि सरावाबरोबर त्याची कारकीर्द वाचून काढायची, हा नेम आहेच. पहिल्या वर्षी वेइक्को हाकुलिनेन झाला. गेल्या वर्षी मार्या-लीसा हॅमॅलाइनेन, जिने १९८४ला सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये ५, १० आणि २० किलोमीटर ही महिलांची तिन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं एकटीने उचलली. यंदा युहा मिएतो. जन्म २० नोव्हेंबर १९४९, गाव कुरिक्का, उंची १९६ सेंटिमीटर. आमच्या फ्रिजमधल्या मोहरीच्या ट्यूबवर ‘मिएतो’ असं छापलेलं आहे, कारण फिनिशमध्ये मिएतो म्हणजे सौम्य, कमी तिखट. आणि कुरिक्का म्हणजे सोटा. सोटा गावचा सौम्य! दाढीवाल्या त्या धिप्पाड माणसाचे फोटो पाहिले की मला दर वेळी ती ट्यूब आठवते.

नोव्हेंबर

खरा बर्फ अजून नाही. कृत्रिम बर्फाची छोटी फेरी आहे, तिच्यावरच गोल गोल. नव्यांसाठी सांगते, इथे स्कीच्या वाटेला लातु म्हणतात. यंत्र जाऊन बर्फात दोन समांतर खाचा पाडून जातं, अगदी रुळांसारख्या, आणि क्लासिकवाले त्यातून जातात. एकूण ४१ किलोमीटर झाले, म्हणजे फारसं काही नाही. डावा पाय ढकलतो, उजवा नुसता सोबत येतो. ही तक्रार गेल्या वर्षीचीच.

कृत्रिम बर्फाला नाकं मुरडणाऱ्यांसाठी: १९८०चं लेक प्लॅसिड हे कृत्रिम बर्फ वापरलेलं पहिलं हिवाळी ऑलिंपिक. मिएतोचं जे काही झालं ते तिथेच झालं. त्यावर पुढे येते.

डिसेंबर

हा महिना वॅक्सने खाल्ला. माझ्या स्की जुन्या वळणाच्या आहेत. तळाला केसाळ पट्टी नाही, त्यामुळे पावलाखालच्या भागाला पकडीचं वॅक्स स्वतः लावावं लागतं. स्की मधे कमानीसारखी उचललेली असते. नुसतं घसरताना तो भाग बर्फाला टेकत नाही; पायाने दाब दिला की टेकतो, बर्फाचे कण वॅक्समध्ये रुततात आणि रेटा मिळतो. शून्याखालच्या बेताच्या थंडीला निळं, शून्याच्या आसपास जांभळं, त्याहून उबदार हवेला लाल. हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि तरीही १४ डिसेंबरला मी उणे सहा असताना लाल लावून निघाले. कारण? निळी डबी सापडेना आणि अंधार पडायच्या आत जायचं होतं. इथे डिसेंबरात दुपारी तीन वाजताच अंधारतं.

दोनशे मीटरवर स्की चालेनाशी झाली. उलटी करून पाहिली तर पावलाखाली बर्फाचा चांगला चार बोटं जाड थर, वर टणक, आत भुसभुशीत. उंच टाचेची चप्पल घालून चिखलातून चालल्यासारखं होत होतं. काठीच्या टोकाने खरवडलं, दहा पावलांत पुन्हा तेच. शेवटी स्की खांद्यावर टाकून घरी आले आणि पोळ्यांच्या उलथण्याने सगळं वॅक्स खरवडून काढलं. ते उलथणं आता स्वयंपाकघरातून कायमचं बाद झालेलं आहे. दुसऱ्या दिवशी निळं, तेही पातळ पातळ चार थर, प्रत्येक थर बुचाने घासून. स्की पळायला लागली. एकच जाड थर लावायची घाई करणाऱ्यांनी हे वाचावं. त्यांत मीही आले.

जानेवारी

उणे अठरा ते उणे बावीस. अशा थंडीत बर्फ वाळूसारखा होतो, स्की घसरतच नाही. ६ दिवसांत ५८ किलोमीटर, सगळे हळू. संध्याकाळी वाचन.

मिएतोचं नाव निघालं की सगळे थेट लेक प्लॅसिडवर उडी मारतात. मला त्याचं १९७२ जास्त चटका लावून गेलं. साप्पोरो ऑलिंपिक, १५ किलोमीटर, वय २२. स्वीडनचा स्वेन-ओके लुंडबॅक पहिला, सोव्हिएत संघाचा सिमाशोव दुसरा. तिसरा नॉर्वेचा इवार फोर्मो, ४६:०२.६८. चौथा मिएतो, ४६:०२.७४. सहा शतांशांनी कांस्य हुकलं. त्याच्या वेगाने हिशेब केला तर साधारण एक फूट अंतर होतं. पंधरा किलोमीटरमध्ये एक फूट! फोर्मो आणि तो शेजारी शेजारी धावलेसुद्धा नव्हते, कारण या शर्यतीत एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो. डोळ्यांसमोर काही घडतच नाही, जे काय होतं ते घड्याळात.

१९७४ला फालुनच्या जागतिक स्पर्धेत ३० किलोमीटरचं रौप्य. ती शर्यत स्वीडनच्या थॉमस माग्नुसनने फायबरग्लासच्या स्कीवर जिंकली आणि लाकडी स्कीचे दिवस तिथेच भरले. लाकडावर शिकून वाढलेल्या पिढीला ऐन उमेदीत नवी स्की, नवं वॅक्स, नवा अंदाज, सगळं पुन्हा शिकावं लागलं. मिएतोने ते पचवलं हे मला त्याच्या पदकांइतकंच मोठं वाटतं. १९७५-७६च्या हंगामात विश्वचषकात तो पहिला आला, आणि १९७९-८०मध्ये पुन्हा. तेव्हा तो चषक अजून अधिकृत नव्हता, पण शर्यती त्याच, माणसं तीच.

फेब्रुवारी

१७ फेब्रुवारी. मुद्दाम हाच दिवस धरून टाम्पेरेच्या हेर्वांता भागातल्या दिव्यांच्या लातुवर १५ किलोमीटरची पहिली चाचणी घेतली. उणे सात, निळं वॅक्स, वारा नाही. १ तास ३९ मिनिटं २० सेकंद. एकदाही पडले नाही. चढावर मात्र वाट लागली, शेवटच्या दोन चढांवर स्की फाकवून बदकासारखी चढले.

१९८० साली याच तारखेला मिएतोने तेवढंच अंतर ४१:५७.६४ मध्ये कापलं. तो आधी पोहोचला. मग स्वीडनचा थॉमस वास्बेरी आला, ४१:५७.६३. एक शतांश. तिसरा आलेला ओवे औन्ली या दोघांच्या अर्धा मिनिट मागे होता, म्हणजे शर्यत या दोघांचीच. वेग काढला तर सेकंदाला सहा मीटरच्या जरा आत, तेव्हा एका शतांशात सहा सेंटिमीटर. मी लातुशेजारी बर्फावर हात ठेवून पाहिला. हातमोज्यातली चार बोटंही त्याहून रुंद भरतात.

वास्बेरी स्वतः म्हणाला होता की दोन्ही पदकं मिळून वाटून घेऊ. तसं झालं नाही. यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने स्कीची वेळ दशांशापर्यंतच धरायची असं ठरवलं. ते योग्यच झालं असं माझं मत आहे. पंधरा किलोमीटरची वाट चार बोटांच्या मापाने मोजायला ती काही भिंत नव्हे.

आता गंमत बघा. ५७.६३ आणि ५७.६४ दोन्ही जवळच्या दशांशावर आणा: ५७.६ आणि ५७.६. दोघांनाही सुवर्ण. मग मी साप्पोरोचे आकडे काढले. ०२.६८ आणि ०२.७४: दोन्ही ०२.७! म्हणजे हाच नियम आठ वर्षं आधी असता तर तेव्हाचं कांस्यही मिएतोला मिळालं असतं. (शेवटचा आकडा नुसता कापून टाकला तर मात्र ०२.६ आणि ०२.७, म्हणजे पुन्हा चौथा. गणिताच्या मास्तरांनी भांडावं, मी भांडणार नाही.) हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी नवऱ्याला उठवून सांगितलं. त्याने “बरं” म्हणून कूस बदलली.

२३ फेब्रुवारीला आमच्या इमारतीतल्या एका आजोबांना हा शोध मोठ्या उत्साहाने सांगितला. ते रोज सकाळी दहा किलोमीटर जाऊन येतात. माझ्या मोडक्यातोडक्या फिनिशमधलं सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, “हो. पण सहात्तरची रिले बघितलीस का?” बाकी काही बोलले नाहीत. इथली माणसं एवढंच बोलतात.

बघितली. इन्सब्रुक, ४ गुणिले १०. पिटकॅनेन, मिएतो, तेउरायार्वी, कोइविस्तो. फिनलंडला सुवर्ण, नॉर्वे जवळजवळ दोन मिनिटं मागे, सोव्हिएत संघ तिसरा. शतांश वगैरे भानगडच नाही. त्याच्या पाच ऑलिंपिक पदकांत हे एकच सुवर्ण. लेक प्लॅसिडलाच ५० किलोमीटरमध्ये आणखी एक रौप्य आहे, सुवर्ण जिंकलेल्या सोव्हिएत झिम्यातोवच्या साधारण तीन मिनिटं मागे, आणि त्याबद्दल मला कुणी हळहळताना दिसलं नाही. बाकी दोन कांस्यं रिलेची, १९८० आणि १९८४. १९८४ला तो ३४ वर्षांचा होता. पुढे २००७ ते २०११ मध्यममार्गी पक्षाचा खासदार. राजकारण मी वाचलं नाही, त्याला वॅक्स लागत नाही.

एक आणखी, मग पुरे. १९८२ला ऑस्लोच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या रिलेचा शेवट एवढा अटीतटीचा झाला की नॉर्वे आणि सोव्हिएत संघ दोघांना सुवर्ण दिलं. नॉर्वेच्या ओडवार ब्रोची काठी मोडली, तीही याच शर्यतीत. लेक प्लॅसिडला जे जमलं नव्हतं ते दोन वर्षांत जमलं.

मार्च

दिवसा शून्याच्या वर, रात्री गोठतं. सकाळी लातु काचेसारखी असते. अशा बर्फावर डबीतलं वॅक्स टिकत नाही, ट्यूबमधलं क्लिस्टर लागतं. ते थेट काकवी. केसांना, जॅकेटला, दाराच्या कडीला, सगळीकडे लागलं. पण पकड अशी की उजवा पायसुद्धा कामाला लागला. तीन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पाय सारखे ढकलताहेत असं वाटलं. काठ्यांच्या दुहेरी रेट्यावरही काम केलंय: हातांनी नव्हे, पोटाने वाकून. दोन आठवडे पोट दुखत होतं, म्हणजे बरोबर चाललं असावं.

१६ मार्च, दुसरी चाचणी. सकाळी सात, उणे तीन, क्लिस्टर. नवऱ्याला थर्मासमधला चहा आणि फोन देऊन शेवटच्या खांबापाशी उभं केलं. बाराव्या किलोमीटरपर्यंत ९५च्या आत होते, तेराव्याच्या चढावर श्वास गेला, चौदाव्याला उतार आला. शेवटचे शंभर मीटर डोकं खाली घालून रेटले आणि खांब ओलांडून बर्फावर आडवी झाले.

वर पाहिलं तर नवरा दातांनी हातमोजा ओढत होता. मोज्यातून पडद्यावरचं बटण दाबलं जाईना. मोजा निघाला, बटण दाबलं.

“एक तास पस्तीस मिनिटं, एक सेकंद, ऐंशी शतांश,” त्याने वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “तीन सेकंद तर नक्की माझे गेले. वजा कर. चौऱ्याण्णव अठ्ठावन्न होतात.”

“नाही करणार.”

“अगं, मी सांगतोय ना, मी इथेच उभा होतो.”

वहीत लिहिलंय: १:३५:०१.८. शेजारी त्याच्या अक्षरात, पेन्सिलीने: मोजा. दोन दिवसांत पाऊस सांगितलाय, लातु जाईल. पुढच्या हिवाळ्यासाठी घड्याळाचं बटण असलेली मनगटी वस्तू घ्यायची आहे, मोज्यासकट दाबता येणारी. कुणी वापरली असेल तर कळवा.