वेगळं साउंड कार्ड घ्यायचं का? आधी प्लगचं अर्थिंग बघा

नवीन पीसी असेंबल करायला घेतला की पार्ट्सच्या यादीत शेवटी हा प्रश्न येतोच, साउंड कार्ड वेगळं टाकायचं की मदरबोर्डवरचं चालेल? माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसतं ऐकायचं असेल तर ऑनबोर्ड पुरतं, रेकॉर्डिंग करायचं असेल तर नाही पुरत, पण त्यासाठीही कॅबिनेटच्या आत बसणारं कार्ड नको, बाहेरचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे माइक आणि हेडफोन लावायचा, यूएसबीने पीसीला जोडायचा डबा.

ऑनबोर्डबद्दल लोकांचं जे वाईट मत आहे ते जुन्या काळातलं आहे आणि त्या काळात ते खरंच होतं. सुरुवातीला पीसीला बीप करणारा एक बारका स्पीकर असायचा, बस. १९८७ ला ॲडलिब हे साउंड कार्ड आलं, १९८९ ला सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर काढलं आणि मग कार्ड असेल तरच गेमला खरा आवाज अशी परिस्थिती झाली. १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ हे मदरबोर्डवरच्या ऑडिओचं स्टँडर्ड आणलं आणि हळूहळू आवाज मदरबोर्डवरच यायला लागला, पण सुरुवातीच्या त्या बोर्डांवर मागे सतत सुं सुं चालू असायचं आणि मिक्सिंगचं, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र करायचं काम प्रोसेसरवर पडायचं, जे तेव्हाच्या प्रोसेसरला जड जायचं. म्हणून १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह लोकांना एवढं आवडलं, त्यावर या कामासाठी स्वतःची चिप होती. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ऑडिओची रचनाच बदलली, डायरेक्टसाउंडचं, म्हणजे गेम ज्यातून आवाज काढायचे त्या विंडोजच्या भागाचं काम थेट कार्डच्या हार्डवेअरवर टाकायचा रस्ता बंद झाला आणि कार्ड घ्यायचं अर्धं कारण तिथेच संपलं. उरलेलं अर्धं प्रोसेसर फास्ट झाल्यामुळे गेलं.

आता रिअलटेकच्या एएलसी १२२० सारख्या ऑनबोर्ड चिपचा आकडा, म्हणजे आवाज आणि मागची खरखर यांच्यातलं अंतर, कागदावर १२० डेसिबल आहे, आणि सीडीच्या १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलच मावतात. म्हणजे चिप कमी पडत नाही. पण तो आकडा फक्त चिपचा असतो हं, चिपपासून तुमच्या कानापर्यंतच्या रस्त्याचा नाही, आणि सगळा घोळ त्या रस्त्यात असतो.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला आणि माउस हलवला की किरकिर येते, गेम सुरू केला की किणकिण येते, अशी तक्रार असेल तर आधी हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. पुढच्या जॅकची वायर आतून ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून फिरत येते आणि तिथला सगळा कचरा उचलते. बऱ्याच वेळा एवढ्यानेच प्रश्न मिटतो, एक रुपया खर्च न करता.

दुसरी गोष्ट अर्थिंग, आणि याबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय कारण कोणी बघतच नाही. जुन्या घरांमध्ये थ्री पिन सॉकेट असतं पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लावलं आणि बारीक चुरचुरलं की समजायचं अर्थिंग गंडलंय. अशा घरात कितीही महाग कार्ड टाका, स्पीकरमध्ये हम, म्हणजे सतत घूं घूं, येऊ शकतो. वायरमनला बोलवा, जिवाच्या दृष्टीनेही ते गरजेचं आहे. अर्थिंग नीट असूनही पीसी आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन अर्थ आणि मधली ऑडिओची वायर यांतून करंट फिरल्याचा हम येऊ शकतो, तेव्हा दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी नाही गेला आणि मदरबोर्डला ऑप्टिकल आउट असेल तर ॲम्प्लिफायरला तो जोडा, त्यातून प्रकाश जातो, करंट जात नाही, त्यामुळे त्या वायरमधून लूप होतच नाही.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५० आणि १०० हर्ट्झला बसतो. आता पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा घ्या, साधारण १३०.८ हर्ट्झ, म्हणजे तानपुऱ्याचा खालचा पंचम ९८ च्या आसपास. १०० चा हम त्या पंचमाच्या अगदी शेजारी येऊन बसतो, किंचित चढा, आणि दोघं मिळून सेकंदाला दोनेक वेळा लाटेसारखे वरखाली होतात. धडाधड वाजणाऱ्या गाण्यात हे कळणारही नाही, पण विलंबित ख्यालाची सुरुवात ऐकताना, नुसता तानपुरा चालू असताना, तो चढा पंचम कानाला सोडत नाही. ज्याला शास्त्रीय ऐकायचंय त्याने पैसे आधी या हमवर खर्च करावेत, मग चांगल्या स्पीकरवर, आणि कार्डाचं नाव त्यानंतर.

अजून एक, तुमचा हेडसेट यूएसबी असेल, ब्लूटूथ असेल किंवा आवाज एचडीएमआयने टीव्हीला जात असेल तर साउंड कार्ड मध्ये येतच नाही, डिजिटलचा आवाज करायचं काम तिकडेच पलीकडे होतं. कार्ड घेतलं तरी ते नुसतं बसून राहणार. वायरवाला हेडफोन ३२ ओहमचा असेल तर ऑनबोर्ड आरामात चालवतं, पण सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा असेल तर बऱ्याच बोर्डांवर आवाज दबका वाटेल, तिथे बाहेरचा छोटा डॅक-ॲम्प घ्या, म्हणजे डिजिटलचा आवाज करून तो हेडफोनसाठी वाढवणारा डबा.

ज्यांना कार्ड घ्याच म्हणेन ते लोक वेगळे आहेत, जुन्या डॉस गेमसाठी जुना पीसी परत उभा करणारे. त्यांना जुन्या कार्डांवरची, संगीत तयार करणारी ती यामाहाची ओपीएल चिप खरी हवी असते आणि त्यांचा हट्ट मला पटतो.

आता रेकॉर्डिंग. मागचा गुलाबी जॅक हा हेडसेटच्या छोट्या माइकसाठी बनवलेला आहे, त्याचा प्रीॲम्प, म्हणजे माइकचा बारीक आवाज मोठा करणारं सर्किट, आवाज वाढवताना खरखरही वाढवतो. गाण्यासाठी कंडेन्सर माइक घेतला तर त्याला एक्सएलआर वायर (तीन पिनांची माइकची वायर) आणि त्याच वायरमधून माइकला मिळणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती तिथे नसते, आणि गेमिंगच्या साउंड कार्डांवरही माइकला सहसा तोच ३.५ एमएमचा जॅक असतो. फोकसराइट स्कार्लेट सोलोसारख्या बाहेरच्या डब्यात हे दोन्ही मिळतं, वर आवाजाचा उशीर कमी ठेवणारा एएसआयओ ड्रायव्हर मिळतो. पीसी आवाजाचे नमुने थोडे थोडे साठवून पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला एवढे नमुने) बफर १२८ नमुन्यांचा ठेवला तर त्या बफरचा उशीर २.७ मिलिसेकंद, १०२४ ठेवला तर २१. आवाज आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा असा तो दोनदा लागतो, म्हणजे १०२४ ला ४० मिलिसेकंदांच्या वर गेलात. लेहऱ्यावर तबला वाजवणाऱ्याला स्वतःची थाप हेडफोनमध्ये एवढी उशिरा आली तर समेवर येणं अवघड होतं. पीसी जुना असेल आणि छोट्या बफरला आवाज तुटत असेल तर बफर मोठा राहू द्या आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, मग माइकचा आवाज पीसीला वळसा न घालता सरळ हेडफोनला येतो. फक्त तेव्हा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (पीसीकडून तो आवाज परत ऐकवणं) बंद ठेवा, नाहीतर तीच थाप दोनदा ऐकू येईल.