जोडीदारासाठीची चिठ्ठी

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका सरकारी रुग्णालयात मी अकरा वर्षे समुपदेशक म्हणून काम केले. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांची तपासणी तेथे होत असे, औषधे मोफत मिळत असत, तरीही मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते एका कागदाच्या चिठ्ठीसाठी. रुग्णाला औषध देताना त्याच्या जोडीदारासाठी आम्ही ती देत असू. तिच्यावर आजाराचे नाव नसे. एक क्रमांक आणि ‘ही चिठ्ठी आणणाऱ्याची तपासणी करावी’ एवढेच लिहिलेले असे. दिलेल्या चिठ्ठ्यांपैकी फार थोड्या परत येत.

एका बाईंविषयी लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आठ महिन्यांत त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. पहिल्या वेळी अंगावरून पिवळसर जात होते आणि डॉक्टरांना गर्भाशयाच्या मुखाशी पू दिसला होता. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे त्यांना करड्या रंगाचे पाकीट मिळाले. त्यात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम या गोळ्या असत आणि त्या समोरच घ्यायला लावत. गोनोरिया म्हणजे आपल्याकडचा परमा आणि क्लॅमिडिया या दोन्हींवर हा एकच उतारा होता, कारण नुसत्या लक्षणांवरून त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही आणि नेमकी चाचणी तालुक्याच्या ठिकाणी होत नव्हती. बाईंना बरे वाटले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी ओटीपोटात इतके दुखत होते की त्या बाकावर नीट बसू शकत नव्हत्या. संसर्ग वर गर्भनलिकांपर्यंत चढला होता. असे वारंवार झाले तर नलिका बंद होतात, मूल राहत नाही किंवा गर्भ नलिकेतच रुजून जिवावर बेतते.

मी चिठ्ठीची चौकशी केली. त्यांनी पिशवीतून लहान पाकीट काढले. एसटीच्या जुन्या तिकिटांच्या घडीत माझ्या दोन्ही चिठ्ठ्या जशाच्या तशा होत्या. “त्यांना कसं सांगू ताई? माझ्यावरच येईल,” एवढेच त्या म्हणाल्या.

ही भीती खोटी नव्हती. आजार प्रथम बाईच्या अंगावर दिसला की तो तिनेच आणला असे घरात ठरते. प्रत्यक्षात क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना आणि अनेक पुरुषांनाही काहीच त्रास होत नाही, त्यामुळे कोणाला आधी दिसले यावरून कोणाकडून आले हे सिद्ध होत नाही. मी त्यांना घरी बोलण्यापुरते एक वाक्य दिले: “डॉक्टरांनी सांगितलंय, दोघांनी गोळ्या घेतल्याशिवाय माझं पोट थांबणार नाही.” ते खरेही होते. औषधानंतर किमान सात दिवस, आणि दोघांचेही उपचार पूर्ण होईपर्यंत, संबंध टाळायचे असतात. एकालाच औषध दिले तर दुसऱ्याकडून संसर्ग परत येतो, आणि आठ महिने नेमके तेच चालले होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांचे यजमान चिठ्ठी घेऊन आले. वर्षातले बरेच महिने ते कामासाठी परराज्यात असत. लघवीला मध्यंतरी जळजळ झाली होती. औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन ती दबली होती. अशा अर्धवट गोळ्यांनी गोनोरियाचे जंतू औषधांना दाद देईनासे होतात. रक्ताची व्हीडीआरएल ही चाचणी केली तर ती रिॲक्टिव्ह, म्हणजे होकारार्थी आली, १:३२; रक्तातील द्रव बत्तीस पट पातळ केला तरी ती तशीच येत होती. म्हणजे सिफिलिस, ज्याला जुनी माणसे गरमी म्हणतात. बराच विचार करून त्यांना आठवले की कधीतरी एक चट्टा उठला होता, दुखत नव्हता, आपोआप गेला.

या आजारात माणूस फसतो तो येथेच. पहिला चट्टा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाविनाच भरून येतो. पुढे तळहातांवर व तळपायांवर पुरळ येऊ शकते, तेही जाते, आणि आजार अंगात वर्षानुवर्षे शांत राहतो. उघड्या चट्ट्यातून एचआयव्हीचा शिरकाव अधिक सहज होतो. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर मूल पोटातच दगावू शकते. म्हणून नाव नोंदवताच दिवस गेलेल्या प्रत्येकीचे रक्त सिफिलिस आणि एचआयव्ही या दोन्हींसाठी तपासतात. इतका घातकी आजार, पण पेनिसिलीनने अजूनही बरा होतो. मला सर्वांत मोठी हळहळ याचीच वाटते.

बाईंचे पहिल्या भेटीचे व्हीडीआरएल निरंक होते. पुन्हा केले, १:१६ आले. त्यांचा संसर्ग नवा असल्याने बेंझाथिन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरेसे होते. यजमानांचा केव्हाचा ते ठरवता येत नव्हते, म्हणून दर आठवड्याला एक अशी तीन घ्यावी लागली. दोघांची एचआयव्ही तपासणी संमतीने झाली. ती निगेटिव्ह आली, तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितले, कारण नव्या संसर्गात सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत काही दिसत नाही. अहवाल गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेच घातले आहे. नाव न सांगता विचारायचे असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे.

तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी दोघे एकत्र बसले आणि बाईंनी विचारले, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे. तांबी बसवली आहे, ती चालेल का? तांबीने दिवस राहत नाहीत, आजार थांबत नाही. त्याला निरोधच लागतो, आणि तोही प्रत्येक वेळी. निरोधाने झाकल्या न जाणाऱ्या त्वचेवरून जननेंद्रियांवरची नागीण (हर्पिस) किंवा एचपीव्ही हा विषाणू येऊ शकतो, म्हणून नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस द्यावी, असे मी प्रत्येक आईला आग्रहाने सांगते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ त्या विषाणूत आहे.

सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांसोबत निरोधाचे काम सुरू केले आणि पुढे त्या स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभारली. गिऱ्हाइकाला ‘निरोधाशिवाय नाही’ असे एकजुटीने म्हणायला त्या शिकल्या. लग्नाच्या बाईमागे अशी संघटना नसते, आणि नवऱ्याला तेच वाक्य म्हणणे तिला अधिक जड जाते. म्हणून त्या दिवशी मी ते वाक्य बाईंच्या यजमानांशीच बोलले. ते मान खाली घालून, भाजीची पिशवी मांडीवर धरून ऐकत होते. जाताना त्यांनी निरोधाची पाकिटे स्वतः मागून घेतली.

सहा महिन्यांनी यजमानांचे व्हीडीआरएल १:८ आले आणि बाईंचे १:२. चौपटीने उतरले की औषध लागू पडले असे धरतात, हे मी बाईंना पूर्वी कागदावर लिहून समजावले होते. त्यांनी अहवाल माझ्या हातात न देता स्वतःच वाचला, दोन्ही आकडे बोटाने दाखवले आणि पुढची तारीख यजमानांच्या सुट्टीतली मागून घेतली.