मुंग्या, कटौती आणि स्वॅट कॅट्स

जुन्या कार्टून नेटवर्कचा विषय काढला की समोरचा हमखास म्हणतो, "अरे, आता सगळं फोनवर मिळतं. एवढी आठवण येते तर लाव आणि बघ. बघत का नाहीस?" विचारणाऱ्यांत ऑफिसातली पुण्याची मंडळी असतात, भाचा असतो, अधूनमधून बायकोही असते. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लावून पाहिलंय मी. रंगत नाही. कारण मला जे आठवतं त्यातलं बरंचसं टीव्हीवर कधी लागलंच नव्हतं.

आधी लागायचं काय, ते सांगतो. आपल्याकडे हे चॅनल १ मे १९९५ला आलं ते अर्ध्या दिवसापुरतं. दिवसभर कार्टून, आणि मग ठरल्या वेळी त्याच नंबरावर टीएनटी, म्हणजे हॉलिवूडचे जुने सिनेमे. टॉमच्या शेपटीला आग लागलेली असायची आणि थोड्या वेळाने तिथेच कुणी हॅटवाला गृहस्थ काळ्या-पांढऱ्यात एका बाईशी गंभीरपणे बोलत उभा. आमची तोंडं पडायची, आजोबा मात्र चश्मा पुसून पुढे सरकायचे. ही वाटणी मला तेव्हा अन्यायाची वाटे. पुढे कळलं की दोन्ही माल एकाच कोठारातला. टेड टर्नर या अमेरिकन चॅनलमालकाने १९८६ साली एमजीएम ही हॉलिवूडची सिनेमा कंपनी विकत घेतली, कंपनी लगेच परत विकली, पण जुन्या चित्रपटांचा साठा स्वतःकडे ठेवला. टॉम आणि जेरी त्याच साठ्यातले. मग १९९१मध्ये त्याने हॅना-बार्बेरा ही कार्टून बनवणारी कंपनीही घेतली. एवढी कार्टून हाताशी असल्यावर ती दाखवायला १९९२मध्ये अमेरिकेत हे चॅनल काढलं. म्हणून आम्ही नव्वदीत इंदूरच्या रामबागेत बसून साठीतले फ्लिंटस्टोन्स बघत होतो आणि ते कालच तयार झालेत असं समजत होतो.

"आमच्या वेळची कार्टून काय दर्जेदार होती" म्हणणाऱ्यांतला मी नाही, हेही सांगून टाकतो. हॅना आणि बार्बेरा ही जोडी एमजीएममध्ये असताना टॉम-जेरीवर पैसा आणि वेळ दोन्ही मिळायचे. १९५७मध्ये एमजीएमने तो विभागच बंद केला आणि दोघांनी टीव्हीसाठी स्वतःचा कारखाना काढला. तिथे सगळा काटकसरीचा मामला. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का? तर डोकं तेवढं नव्याने काढायचं, कॉलरच्या खालचं धड तेच ठेवायचं. फ्लिंटस्टोन्समधला फ्रेड धावायला लागला की मागून तीच खिडकी, तेच झाड पुन्हा पुन्हा जायचं. हे आम्हाला लहानपणीही दिसत होतं. आमची त्याबद्दल तक्रार नव्हती इतकंच.

१९९९च्या सुमाराला कार्टून हिंदीतून बोलायला लागली. १ जुलै २००१पासून चॅनल चोवीस तास झालं, हॅटवाले गृहस्थ कायमचे गेले. त्याच सुमारास टूनामी आलं. टूनामी म्हणजे चॅनलमधलंच एक वेगळं दालन: मारामारीची, अंतराळाची, जपानी कार्टून सलग एकामागून एक. आता खरी चैन होणार, आणि नेमकी तेव्हाच लाईट जायला लागली.

तो काळ मध्य प्रदेशात काढलेल्यांना जास्त सांगायला नको. १ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. आधीच कमी असलेली वीज आणखी कमी झाली. २००३ची निवडणूक 'बिजली, सडक, पानी'वर लढली गेली आणि दिग्विजय सिंहांचं दहा वर्षांचं राज्य गेलं, यात आम्हा पोरांना काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे त्याला भारनियमन वगैरे कुणी म्हणत नसे. मराठी घरातही शब्द एकच, कटौती. पेपरात कुठल्या भागात किती ते किती याचा तक्ता यायचा, आजोबा तो कापून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायचे. माझ्यासाठी तो तक्ता म्हणजे कार्टूनचंच वेळापत्रक, उलटं वाचायचं.

त्यातही गंमत अशी की घरात लाईट असून भागायचं नाही. केबलवाल्याकडे जनरेटर होता, पण त्याची वायर ज्या खांबावरून यायची तिथल्या अँप्लिफायरला जवळच्या कुठल्यातरी घरातून वीज घेतलेली. ते घर दुसऱ्या लाईनवर. म्हणजे आपला टीव्ही चालू, पंखा चालू आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणणार, "भिया, अपने यहाँ से तो साफ जा रिया है." आणि जात असणारच, त्याचंही खोटं नव्हतं. समोरच्यांकडे इन्व्हर्टर होता, पण त्यावर एक ट्यूबलाईट आणि एक पंखा. टीव्ही लावला तर बॅटरी बसते, असं ते काका म्हणायचे. कार्टूनसाठी बसते, क्रिकेटसाठी बसत नाही, हे आम्ही बघून ठेवलं होतं.

आत्या राहायची लोकमान्य नगरात. तिची लाइन वेगळी, कटौतीची वेळ वेगळी. आमच्याकडे अंधार तेव्हा तिच्याकडे टीव्ही चालू. आणि लँडलाइनचं एक बरं होतं, त्याला घरातली लाईट लागायची नाही, वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची. सुरुवात झाली ती आतेबहिणीने मला चिडवायला केलेल्या फोनवरून. "तुमच्याकडे गेली ना? आमच्याकडे आत्ता स्वॅट कॅट्स लागलंय." मी म्हटलं, मग सांग काय चाललंय. आणि ती सांगायला लागली.

मी बैठकीत अंधारात खाली बसून, रिसीव्हर कानाला. धाकटा भाऊ रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला कान लावून. स्वॅट कॅट्स तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. मेगाकॅट शहरात सगळे बोके आणि मांजरीच. त्यातले दोन वैमानिक, कमांडर फेरलशी बिनसल्यामुळे पोलिसदलातून हाकललेले, लष्कराच्या भंगाराच्या आवारात कामाला. दिवसा गाड्या दुरुस्त करतात, आणि संकट आलं की त्याच भंगारातून बनवलेलं जेट काढून शहर वाचवतात. आतेबहीण मेगाकॅट शहर कधी म्हणायचीच नाही. जेट सुटलं की ते आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या वरून जायचं, सराफ्याकडे तिरपं व्हायचं, आणि खलनायक डार्क कॅट खान नदीपलीकडे लपलेला असायचा. उंच इमारत पडली की ती म्हणायची, "आपल्या एमवायएवढी, पूर्ण गेली!" आम्ही एमवाय दवाखान्याचे सात मजले डोळ्यांसमोर पाडायचो. जाहिराती लागल्या की आमची दोघांची जेवणं झाली का हे विचारायची, आणि परत जेट. शेवटी आतून आत्याचा आवाज यायचा, "बिल कोण भरणार, तुझा मामा?" मामा म्हणजे माझे बाबाच. तेही इकडे अंधारात बसून ऐकत असायचे, बोलायचे मात्र नाहीत.

ड्रॅगन बॉल झेडला या फोनची गरज फारशी पडली नाही. त्यात फ्रीझा हा खलनायक म्हणतो की हा नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं एकामागून एक भाग चालूच राहतात. मध्ये दोन दिवस लाईट नसली तरी नायक गोकू तिथेच, दात-ओठ खात उभा. कटौतीग्रस्तांसाठी इतकी सोयीची मालिका दुसरी झाली नाही.

तर, परत बघण्याचा प्रश्न. मोठेपणी एका सुट्टीत मी स्वॅट कॅट्स पहिल्यापासून लावलं. पहिला धक्का हा की ते जेमतेम पंचवीसेक भागांचं निघालं. १९९३ ते १९९५, दोन हंगाम, संपलं. माझ्या डोक्यात ते वर्षानुवर्षं चालू होतं. तेच भाग फिरून फिरून लागायचे हे एक कारण. दुसरं हे की एकाच भागाच्या माझ्याकडे दोन आवृत्त्या होत्या, एक पाहिलेली आणि एक फोनवरची. फोनवरच्यात जेटला तळघरातून बाहेर यायला जागा कमी पडते आणि त्या दोघांतला रेझर खाली उतरून हातवारे करत ते मागे घेतो, गल्लीतून ट्रक काढतात तसं. मी तो प्रसंग शोधला. नाही सापडला. डार्क कॅटची एक म्हातारी आई होती, जी त्याला रागवायची. तीही कुठल्याच भागात नाही.

आतेबहीण आता बंगळुरूला असते. मागच्या दिवाळीत सगळे जमलो तेव्हा तिला सरळ विचारलं की त्या आईचं तू घुसडलंस ना? ती करंजी खाता खाता म्हणाली, "छे, होती ती. तुमच्याकडे लाईट नव्हती."