८७ पेट्यांच्या ३२ झाल्या

देवगडमधील एका आंबा वाहतूकदाराच्या हिशेबाचा प्रोग्राम माझ्याकडे होता. एप्रिलमधल्या एका सकाळी, वाशीची गाडी निघून गेल्यावर, एक बागायतदार काका छापील पावती घेऊन आले. "चार खेपांत मी ८७ पेट्या दिल्या आणि तुझा कागद ३२ सांगतो," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या वहीत पेन्सिलीने २४, ३०, १२ आणि २१ असे आकडे होते; आमच्या नोंदीतही तेच होते.

नोंदी फोनवरून मजकूर म्हणून येत. त्यांच्या संख्या करण्यासाठी मी ती यादी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या मॅपमधून (यादीतल्या प्रत्येक घटकावर एखादे फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, चालवणारी सोय) थेट पार्सइंटकडे (मजकुराची पूर्ण संख्या करणारे फंक्शन) सोपवली होती. मॅप मात्र प्रत्येक वेळी तीन आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला पुरवायची मूल्ये, देतो: घटक, त्याचा क्रमांक आणि सबंध यादी. जास्तीची आर्ग्युमेंट आली तरी जावास्क्रिप्ट हरकत घेत नाही, आणि फंक्शनला ती नको असतील तर ती तशीच पडून राहतात. पार्सइंटला मात्र दुसरे आर्ग्युमेंट हवे असते, कारण संख्या कोणत्या पायाने, म्हणजे किती अंकांच्या पद्धतीने, वाचायची हे ते त्यावरून ठरवते. पहिल्या खेपेचा क्रमांक ०, तेव्हा नेहमीचा दहाचाच पाया धरला गेला आणि २४ बरोबर आले. ३० ला पाया १ मिळाला, जो चालतच नाही, म्हणून नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही' असे उत्तर, आले. १२ दोनच्या पायाने वाचताना पहिला १ घेतला गेला आणि २ हा अंक त्या पायात नसल्याने वाचन तिथेच थांबले. २१ तीनच्या पायाने ७ झाले.

एक नॅन मिसळले तरी सबंध बेरीज नॅन होते, म्हणून एकूण बेरीज नॅन यायला हवी होती, आणि तसे झाले असते तर चूक पहिल्याच दिवशी दिसली असती. बेरजेच्या फंक्शनात हमालीचे आर्ग्युमेंट मी नंतर वाढवले होते, पण जुन्या कॉलमध्ये, म्हणजे ते फंक्शन आधी जिथे वापरले होते तिथे, ते दिलेच नव्हते. न दिलेले आर्ग्युमेंट अनडिफाइन्ड (मूल्यच न ठरलेले) होते आणि ते बेरजेत मिसळले की नॅन येते. तेव्हा घाईने मी प्रत्येक नॅनच्या जागी शून्य धरले होते, म्हणून ३० चेही शून्य झाले आणि बेरीज ३२ आली. ही चूक मला अधिक गंभीर वाटते.

ती ओळ मी काढली, जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून असलेली सोय वापरून हमालीला डिफॉल्ट मूल्य (काहीच न दिल्यास धरायचे मूल्य) दिले, जुन्या कॉलमध्ये कुठे नल (मुद्दाम दिलेले रिकामे मूल्य) जात नाही ना हे पाहिले, कारण नलला डिफॉल्ट लागू होत नाही, आणि पार्सइंटला पाया १० स्पष्ट लिहून दिला. एकाच खेपेच्या पावत्या बरोबरच होत्या. माझी चाचणीही तशाच पावतीवर झाली होती. बाकीच्या सगळ्या पुन्हा छापल्या, आणि काकांनी आपली पावती वहीशेजारी ठेवून चारही आकडे बोटाने जुळवून पाहिले.