पुढचं वाक्य तिच्या तोंडात

ज्यांनी 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश टीव्ही मालिका कधी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाहीत, त्यांच्याही मी एका भागासाठी मागे लागते : 'मिडनाइट'. मागचंपुढचं काही माहीत नसलं तरी चालतं. टार्डिस, म्हणजे डॉक्टरचं ते निळं खोकं, यात दिसतही नाही. डॉक्टर नावाचा परग्रहावरचा एक फार हुशार, फार बोलका माणूस आहे आणि कुठल्याही संकटातून तो बोलून बोलून वाट काढतो, एवढं ठाऊक असलं की झालं. (पुढे मी सगळी गोष्ट फोडणार आहे. चालणार नसेल तर आधी बघून या.)

मिडनाइट हा हिऱ्यांचा ग्रह. तिथलं ऊन इतकं जहरी की त्यात कुणी जगूच शकत नाही. डॉक्टरची मैत्रीण डोना हॉटेलात आरामात पडून राहते आणि हा एकटाच सहलीला निघतो, चार तास जायला, चार तास यायला, नीलम धबधबा बघायला. बंद गाडी. पुढे ड्रायव्हर आणि मेकॅनिक. मागे एक होस्टेस, प्रोफेसर हॉब्स, त्यांची मदतनीस डीडी, केन नवराबायको, त्यांचा कंटाळलेला मुलगा जेथ्रो, आणि नुकतंच नातं तुटलेली स्काय नावाची एकटी बाई. डॉक्टर गुपचूप करमणुकीचे पडदे बंद पाडतो. मग काय, लोक एकमेकांशी बोलायला लागतात. गप्पा, हशा, घरगुती किस्से. या मिनिटांत काही घडत नाही म्हणून पुढे ढकलू नका. हीच माणसं तासाभरात काय करणार आहेत, ते कळायला ती लागतात.

गाडी थांबते. बाहेरून टकटक होते. बाहेर तर कुणी असूच शकत नाही, असं प्रोफेसर ठणकावून सांगतात. आतून जितक्या वेळा ठोकावं, तितक्याच वेळा बाहेरून उत्तर येतं. मग हादरा, अंधार, आणि ड्रायव्हरची केबिन गायब. उजेड येतो तेव्हा स्काय कोपऱ्यात पाठमोरी बसलेली असते. ती हळूच मान वळवते आणि जो जे बोलेल ते मागोमाग बोलायला लागते.

बस, एवढंच. दात नाहीत, शेपूट नाही, रक्त नाही. शेवटपर्यंत ते काय होतं हे कुणालाच कळत नाही.

मी सांगलीत एका हौशी ग्रुपमध्ये बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत संहिता धरून उभं राहायचं, नट अडखळला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द दबक्या आवाजात सोडायचे. पूर्ण वाक्य कधीच नाही. त्याने मुद्दाम घेतलेला पॉज आपण विसरला समजून भरला, की मध्यंतरात शिव्या ठरलेल्या. त्यामुळे मी हा भाग कानांनी बघते. स्काय आधी प्रतिध्वनी असते, अर्ध्या सेकंदाने मागे. डॉक्टर तिला चकवायला गणितातल्या पायचं (π) वर्गमूळ दशांशानंतर तीस आकड्यांपर्यंत घडाघडा म्हणतो, तर ती तेही म्हणून दाखवते. मग एका क्षणी अंतर मिटतं आणि दोघं एकाच वेळी बोलतात. आणि मग तिसरी पायरी येते : ती आधी, तो नंतर. ती प्रॉम्प्टर झालेली असते आणि तो दिलेलं वाक्य म्हणणारा नट. डॉक्टरकडे ना बंदूक ना ताकद, त्याचं सगळं भांडवल वाणी, आणि तीच गेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीत ताठ झाले होते. वाक्य देणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, हे विंगेत उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

स्कायचं काम लेस्ली शार्पने केलंय. विचार करा, तिला सगळ्यांचीच वाक्यं पाठ हवीत, आणि ती चुकत्या श्वासासकट जुळायला हवीत. डॉक्टर झालेल्या डेव्हिड टेनंटचं कौतुक होतं ते योग्यच, पण हा भाग शार्पबाईंचा. प्रोफेसरच्या कामासाठी आधी सॅम केली ठरला होता. त्याचा पाय मोडला आणि डेव्हिड ट्रॉटन ऐनवेळी उभा राहिला. हा ट्रॉटन म्हणजे टेनंटच्या खूप आधी या मालिकेतला दुसरा डॉक्टर झालेल्या पॅट्रिक ट्रॉटनचा मुलगा. रिप्लेसमेंटला उभं राहून असं काम करणाऱ्याला आमच्याकडे खांद्यावर घेतलं असतं.

लेखक रसेल टी. डेव्हिस. भाग लागला १४ जून २००८ला. त्याच सुमारास डोनावरच्या 'टर्न लेफ्ट' या भागाचं शूटिंग चालू होतं, म्हणून इथे डोना फक्त सुरुवातीला आणि शेवटी. या तडजोडीनेच भाग तरला असं मला वाटतं. डोना गाडीत असती तर तिने दोन मिनिटांत सगळ्यांना झापून गप्प केलं असतं.

कारण स्कायपेक्षा ते प्रवासीच जास्त भीती घालतात. 'हिला बाहेर फेकू या' हे पहिल्यांदा कोण म्हणतं? होस्टेस. तीच, शिस्तीत हसून सूचना देणारी. डॉक्टर आडवा येतो. तुला कसं काय सगळं कळतं, असं विचारल्यावर म्हणतो, कारण मी हुशार आहे! इथे तो हरतो. घाबरलेल्या माणसांना आपण अडाणी ठरलो हे सहन होत नाही. मग चौकशी सुरू : तू कोण? नाव काय? जॉन स्मिथ? खरं सांग! तुला यात मजा येतेय ना? आणि मजा त्याला येत होतीच. आपण प्रेक्षक ते आधीपासून बघत असतो, म्हणून आपल्यालाही त्या लोकांना पूर्ण चूक म्हणता येत नाही.

डॉक्टरचा आवाज गेल्यावर बाकीच्यांना वाटतं, ते आता त्याच्यात शिरलं. पण डीडीच्या लक्षात येतं की स्काय आधी बोलतेय, म्हणजे ते अजून तिच्यातच आहे. प्रोफेसर तिला सगळ्यांदेखत सुनावतात, की तू फार तर सामान्य कुवतीची मुलगी आहेस. एक माणूस बाहेर फेकला जातोय आणि या गृहस्थाला मदतनिसाची पायरी दाखवायची पडलीय! मला या भागात सगळ्यात जास्त राग त्या वाक्याचा आला.

डॉक्टरला फरफटत दाराकडे नेतात. स्कायच्या तोंडून त्याचे ठेवणीतले शब्द निघतात, 'मोल्तो बेने' (फार छान), 'आलों-झी' (चला), आणि ते होस्टेसच्या कानात अडकतात. हा आवाज याचा आहे, हे तिला कळतं. ती स्कायला धरते, दार उघडते, सहापर्यंत मोजते. दोघी बाहेर.

नंतरच्या शांततेत मिसेस केन म्हणतात, मी म्हटलंच होतं, तीच होती. डॉक्टर फक्त त्यांच्याकडे बघतो. पुढे तो विचारतो, होस्टेसचं नाव काय होतं? कुणालाच माहीत नसतं.

२०२५मध्ये 'द वेल' नावाच्या भागात चार लाख वर्षांनंतरचा तोच ग्रह परत आणला. तिथे ते माणसाच्या पाठीमागे राहतं आणि जो बरोबर त्याच्या मागे जाईल तो मरतो. झकास बांधलाय, रोझ एलिंग-एलिसचं काम सुंदर आहे. पण नियम कळला की भीतीला मोजपट्टी मिळते. 'मिडनाइट'मध्ये नियम सापडतोय म्हणेपर्यंत तो बदललेला असतो.

ग्रुपमधल्या एका मित्राला दाखवला तर लगेच डोळे चमकले : एक सेट, मोजकी पात्रं, असलंच काहीतरी आपण स्पर्धेला करू या, प्रॉम्प्टिंगला तू आहेसच. म्हटलं, बाबा रे, सगळे एकमेकांवर बोलत असताना मी कुणाला वाक्य देणार? यात पाठांतर झालं नाही तर वाचवायला कुणीच नाही. तो म्हणाला, मग तू काम कर, भूमिका निवड. मी मिसेस केन मागितली. त्याला वाटलं मी गंमत करतेय.